टोपाखालचा ठिपका

पडद्यावरचे ठिपके एकेक करून किनाऱ्याकडे वळायला लागले तशी मी खुर्चीतून उठून टाळीच वाजवली.

"वळले! मॅडम, बघा तरी, वळले सगळे!"

अनघा मॅडम माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून त्या आमच्या वेळणे बंदरावर आल्या होत्या आणि मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात, माझ्या टेबलाला टेबल लावून, त्यांनी आपला संसार मांडला होता. खिडकीबाहेर समुद्र दुपारच्या उन्हात इतका गप्प पडला होता, की वादळ म्हटलं असतं तर कोणीही मला वेड्यात काढलं असतं. पण वरून उपग्रहाने ढगांचे फोटो काढले होते, पाणी किती तापलंय ते मोजलं होतं. मॅडमच्या संगणकाने ते जुन्या कितीतरी वादळांशी ताडून पाहिलं आणि सांगितलं, की खोल समुद्रात घोटाळणारा वारा आपली वाट बदलणार आणि उद्या दुपारी वेळण्यावर येणार. आभाळात काही दिसायच्या आत तो निरोप उपग्रहावरून प्रत्येक होडीवरच्या, तिचा ठावठिकाणा वर कळवणाऱ्या पेटीत उतरला होता. 'वादळ येत आहे. ताबडतोब बंदरात परत या.'

आणि होड्या चालवणारे आमचे तांडेल, जे बायकोचं ऐकत नाहीत, ते त्या पेटीचं ऐकून वळले होते.

"हा एक करडा का?" मॅडमनी बोट लावलं. बाकीचे ठिपके हिरवे होते. हा दक्षिणेला, एकटाच, कालपासून जागचा हलला नव्हता.

"त्याला आभाळ दिसत नाहीये."

"म्हणजे?"

"पेटीवर टोप घातलाय. ॲल्युमिनियमचा. भाताचा."

मॅडम हसल्या. त्यांना मी थट्टा करते आहे असं वाटलं. बंदरावर माझ्या थट्टेची ख्याती होतीच. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचं हसू तिथंच राहिलं.

"कुणाची होडी आहे?"

"माझ्या बाबांची," मी म्हटलं. "भाऊ पण आहे सोबत."

खरं तर वेळण्यात ती पेटी सगळ्यांत आधी बसवून घेतली ती माझ्याच बाबांनी. धाकू खवणेकर म्हणजे बंदरावरचा जुना तांडेल. त्याने हो म्हटलं की बाकीचे आपोआप होकार देणार, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी आधी त्यांचंच डोकं खाल्लं. नारळी पौर्णिमेला पेटी केबिनच्या टपावर बसवली. बाबांनी तिच्यापुढे नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणंच घातलं. "बा देवा म्हाराजा, ही जी काय पेटी माझ्या चेडवान आणल्यान हा, ती वरसून आमका बघता म्हणतत. तर बघ गो बाये, पण आमच्या बायलांका काय सांगा नको!" चेडू म्हणजे त्यांची लेक, मी. सगळे खलाशी एकसुरात "होय म्हाराजा" ओरडले. अनघा मॅडमना हसता हसता ठसका लागला. मला त्या दिवशी बाबांचा इतका अभिमान वाटला, की घरी जाऊन आईला तीच गोष्ट दोनदा सांगितली.

आता ही 'बघण्या'ची गोष्ट आमच्याकडे साधी नाही. प्रत्येक जुन्या घराची समुद्रात एक जागा असते. आमच्या खवणेकरांचीही होती, माझ्या आजोबांनी शोधलेली. पाण्याखाली खडकाचा उंचवटा, तिथं सुरमई लागते. जमिनीवरच्या कुठल्या दोन खुणा एका रेषेत आल्या की तिथं पोचलो, हे बाप मुलाला सांगतो. मुलीला नाही सांगत. मुलगी परक्या घरी जाणार, जागा तिच्याबरोबर जाईल. त्यावरून लहानपणी मी कितीदा तरी भांडले असेन. बाबा म्हणायचे, "कान बघू तुझे." खोटं बोलायला गेले की माझे कान लालभडक होतात, अजूनही. "अशा कानांका गुपित सांगूचा नाय," असं म्हणून ते माझा कान ओढायचे.

जागा राखायची म्हणून बंदरातून निघताना कोणी सरळ आपल्या जागेकडे जात नाही. आमची होडी आधी दक्षिणेला जायची, सगळ्यांना दिसेल अशी, आणि लांब गेल्यावर वळसा घालून वायव्येला लागायची. वेळण्यातला प्रत्येक जण अशी एक खोटी वाट चालतो आणि प्रत्येकाला दुसऱ्याची वाट खोटी आहे हे माहीत असतं. त्याबद्दल कोणी बोलत नाही. आपण श्वास घेतो हे कोणी कोणाला सांगत बसतं का?

पेटी आली आणि ही सगळी लपाछपी माझ्या टेबलावर उघडी पडली. कोण कुठे आहे ते बघणारी एकटी मी. आणि मी तर आता केळुसकरांची सून.

माझे सासरे, जनूमामा, बंदरावरचे दुसरे मातब्बर. बाबा आणि ते लहानपणापासून एकमेकांच्या होड्यांकडे तिरप्या नजरेने बघत मोठे झालेले. लग्न जमलं ते मी आणि दिगंबरने जमवलं म्हणून. मामा माणूस वाईट नाही. पण संध्याकाळी मी ऑफिसातून आले, की पडवीत चहाची बशी तोंडाशी धरून विचारायचे, "काय गो दर्शना, आज तुझो बापूस खंय?"

आधी थट्टेत. मग थट्टा कमी होत गेली, बाबांची जागा कुठे हेच त्यांना हवं होतं.

"मामानू, ता मी सांगूक शकणंय नाय."

"घरातला माणूस त्या पडद्याफुडे बसता आणि घराकच सांगणा नाय! हंयचा मीठ खातंस मगे कित्याक?"

एकदा हे जेवणाच्या पानावर झालं. मी ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी मिथुन, माझा धाकटा भाऊ, बर्फाच्या गाडीपाशी भेटला तेव्हा त्याच्यापुढे रडले. तोंडाळ बाई रडायला लागली की फार वाईट दिसते. मिथुन बिचारा घाबरून गेला. म्हणाला, "ताई, लोक बघतत." मी म्हटलं, बघू देत, आपल्याकडे बघण्याशिवाय दुसरा धंदा काय आहे!

त्यानंतरच्या फेरीपासून बाबांचा ठिपका करडा होऊ लागला. दक्षिणेला जायचा, आणि बंदर दिसेनासं झालं की विझायचा. होडी परत येताना पुन्हा हिरवा. पहिल्यांदा मला वाटलं, पेटीच बिघडली. मग आईच्या स्वयंपाकघरात मोठ्या टोपाचं झाकण नुसतंच उपडं पडलेलं दिसलं.

"आई, टोप खंय?"

"तुझ्या बापाशीक विचार," आई म्हणाली. "मी भात आता दोनदा शिजवतंय, लहान भांड्यात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच धक्क्यावर गेले. बाबा दोर गुंडाळत बसले होते.

"बाबा, पेटयेर टोप कित्याक घालतास?"

"ऊन लागता गो तिका."

"कान बघू तुमचे."

ते हसले. मग हसणं आवरून पुन्हा दोराकडे वळले.

"माझ्यापासून लपवतास?"

"होय," ते म्हणाले. "तुझ्यापासूनच."

इतकं सरळ. मी म्हटलं, खोटं तरी बोला! त्यांनी मान वर केली नाही. "तू आता केळुसकरांची," एवढंच म्हणाले. मी तिथं, सगळ्या बंदरासमोर, त्यांना काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. ज्या पेटीसाठी मी घरोघर फिरले, तिला माझ्याच बापाने भातासारखं झाकून ठेवलं होतं. आणि भीती कोणाची, तर माझी! एक गोष्ट मात्र सोपी झाली, ती अशी, की संध्याकाळी मामांनी विचारलं तेव्हा मी ताठ मानेने सांगू शकले, "दिसणा नाय." मामांनी माझ्या कानांकडे बघितलं आणि बशी पुन्हा तोंडाला लावली. दोनचार दिवसांनी त्यांनी विचारणंच सोडून दिलं.

बाबांशी मात्र त्यानंतर माझं बोलणं झालं नाही.

तर त्या दुपारी मी आणि अनघा मॅडम त्या करड्या ठिपक्यापुढे बसलो होतो. मॅडमनी निरोप पुन्हा पाठवला. पुन्हा पाठवला. टोपावरून तो घरंगळत असणार. वायरलेसवर हाका मारून माझा घसा बसला, पण तेवढ्या लांब तो पोचतच नव्हता. परत आलेल्या होड्यांतून कोणी जाऊन सांगावं तर कुठे जाऊन? जागा दोघांनाच माहीत, आणि दोघेही एकाच होडीत.

शेवटी मी मॅडमना बाजूला सारलं आणि स्वतः लिहिलं. 'बाबा, टोप काढा. मी बघत नाही. डोळे मिटून बसते. पण टोप काढा.'

मॅडमनी वाचलं. पाठवण्याचं बटण त्यांनीच दाबलं.

दुसऱ्या दिवशी सांगितल्या वेळेला वादळ आलं. त्याचं वर्णन करण्यात मला रस नाही. वेळण्यातली एकही होडी त्या वेळी समुद्रात नव्हती, आमची सोडून. दिगंबरची होडी लांब होती म्हणून तो दक्षिणेच्या खाडीत शिरून थांबला होता. त्याचा ठिपका हिरवा बघून माझी सासू देवापुढे बसली. मी माझ्या आईकडे गेले. आई झाकण घासत बसली होती, स्वच्छ असलेलं झाकण, पुन्हा पुन्हा.

"ता ठेव गो," मी म्हटलं.

"मिथुनाक पोहूक येता," आई म्हणाली. "बापाशीकय येता."

उजाडल्यावर वारा पडला. रस्त्यात झाडं आडवी, फोन मेलेले. मी चिखल तुडवत ऑफिसात पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. मॅडम आपल्या बॅटरीवर पडदा आणि उपग्रहावरून चालणारा फोन चालू ठेवून रात्रभर तिथंच होत्या. मला बघून त्या उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच आशा होती.

"दर्शना, पहाटेच शोधाचं विमान निघालंय. संगणकाने वारा, लाटा, प्रवाह सगळं धरून हिशेब केलाय. शेवटच्या ठिकाणापासून वाहत वाहत होडी या पट्ट्यात असणार." नकाशावर त्यांनी एक लांबट लाल पट्टा दाखवला. "इथं शोधतायत."

पट्टा दक्षिणेला होता. पार दक्षिणेला.

"मॅडम, ते तिथं नाहीत."

"पण शेवटचा ठिपका तर…"

"तो खोटा आहे. ते तिथं कधीच नसतात. सगळ्यांना दाखवायला तिकडे जातात, मग टोप घालतात आणि दुसरीकडे जातात."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या संगणकाला खोटं सांगितलेलं कळत नव्हतं, आणि इतके दिवस माझ्या शेजारी बसून चहा प्यायलेल्या या बाईला आमच्यापैकी एकानेही ते सांगितलं नव्हतं.

"मग कुठे?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला माहीत नाही." हे बोलताना मला स्वतःचाच इतका राग आला, की टेबलावर मूठ आपटली. "वायव्येला, एवढंच. मुलींना सांगत नाहीत. आईला पण नाही."

"वायव्येला म्हणजे केवढा समुद्र आहे, दर्शना."

ऑफिसात माणसं जमली होती. मामाही आले होते, कोपऱ्यात उभे होते, हातात टोपी घेऊन. कोणी काही सुचवत होतं, कोणी देवाला नवस बोलत होतं. एवढ्यात दिगंबर आला. खाडीत होडी सोडून, मिळेल त्या गाडीने आणि उरलेलं अंतर चालत. कपड्यांवर मीठ वाळलेलं. त्याने मला धीर दिला नाही, काही नाही. सरळ पडद्यापाशी गेला.

"हंय कित्याक शोधतत?" त्याने लाल पट्ट्याकडे बघून विचारलं.

मी सांगितलं. त्याने एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग नकाशावर, पार वायव्येला, नुसतं निळं पाणी होतं तिथं बोट टेकवलं.

"धाकूमामा हंय असतत."

सगळे त्याच्या बोटाकडे बघत राहिले. आमच्याकडे दुसऱ्याच्या जागेवर असं बोट ठेवणं म्हणजे काय, ते मी मॅडमना नंतरही नीट समजावू शकले नाही.

"तुका कसा म्हायत?" मामांनी विचारलं.

"उपग्रहाचो मासळीचो नकाशो इल्लो मागे, सोसायटीतसून. त्याच्यार गेल्लंय. बघतंय तर धाकूमामा आणि मिथुन थंय गळ टाकून बसलेले. मी होडी फिरवलंय आणि इलंय."

"आणि माका बोललंस नाय?"

"तुमका सांगूचा नव्हता म्हणान."

मॅडमनी तोवर आकडे घालायला सुरुवात केली होती. पट्टा पुसला गेला आणि नवीन उमटला, जुन्यापासून किती लांब! विमानाला वळायला सांगितलं. मी दिगंबरचा हात धरला होता, सगळ्यांसमोर, आणि सोडला नाही.

दुपारी निरोप आला. मॅडमनी कानाला लावलेला फोन खाली घेतला. "एक माणूस दिसलाय," त्या म्हणाल्या. "जिवंत आहे."

आई तोवर ऑफिसात येऊन माझ्या बाजूला बसली होती. एक. कोण, हे तिने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. काय मागायचं देवाकडे? एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याला बुडवल्यासारखं होतं. आईने माझ्या मांडीवर हात ठेवला, तो बर्फासारखा होता. मग कोणीतरी येऊन सांगितलं, मिथुन म्हणून.

हॉस्पिटलात त्याचे ओठ फुटलेले, डोळे सुजलेले. आई त्याच्या पायाशी बसली आणि पाय चोळत राहिली. तिला बाबांबद्दल कोणी सांगावं लागलंच नाही. मी पाण्यात भिजवलेला कापूस त्याच्या ओठांना लावत होते.

"टोप काढलो आम्ही, ताई," तो म्हणाला. "पण उशीर झालेलो. सुरमई अशी लागलेली, आभाळ सकाळपर्यंत साफ. मगे एकदम काळा झाला. बाबांनी टोप काढलो तशी पेटी वाजूक लागली. थांबणाच नाय. मेसेजामागून मेसेज. शेवटचो तुझो होतो. मी मोठ्यान वाचून दाखवलंय."

"काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, गाढव गो माझा चेडू." मिथुनने डोळे मिटले. "मगे ती लाट इली. केबिन, पेटी, सगळा गेला. पेटीन आमचो ठिपको वर धाडूच्या आधीच."

मी कापूस धरून राहिले.

"रात्रभर थर्माकोलची पेटी धरून होतंव. बाबाच माका बोलवत होते, झोपा नको म्हणान. सकाळी विमानाचो आवाज इलो. लांब, दक्षिणेक. बाबांनी मान वर करून आयकलो. म्हणाले, 'मिथुन, माझी खोटी वाट शोधतत रे ते.' विमान परत परत थंयच फिरत होता. आमका आवाज येय, जाय. मगे बाबांचे हात…" तो पुढे बोलू शकला नाही.

म्हणजे सकाळी ते होते. मी चिखल तुडवत ऑफिसाकडे चालले होते तेव्हा बाबा होते. माझ्या आतून काहीतरी उसळून आलं, आणि माझ्यासारख्या बाईला दुःख सुद्धा रागाच्याच रूपात येतं.

"कित्याक घातलो टोप!" मी ओरडले. नर्स धावत आली. "माझ्यापासून लपवूक! पोटच्या पोरीवर एवढापण भरवसो नाय? मी काय त्यांची जागा विकून खाल्ली असती?"

"गप, ताई." मिथुनने माझं मनगट धरलं. त्याच्या हाताची सालं निघालेली होती. "भरवसो नाय म्हणान नाय घातलो."

"मगे?"

"तू बर्फाच्या गाडयेकडे रडलंस ना, ता मी घरी येवन सांगलंय. जनूमामा तुका जेवताना विचारतत, ता. बाबा रात्रभर निजले नाय. सकाळी आवशीचो टोप घेतल्यानी. माका म्हणाले, तिका खोटा बोलूक येणा नाय. कान तांबडे होतत. बापाशीची जागा सांगल्यान तर बापूस जाता, नाय सांगल्यान तर सासर जाता. पोरगी मधी मरता. म्हणान तिका दिसताच नये. दिसलाच नाय, तर ती खरा सांगतली, आणि सुखान जेवतली."

आईचे हात त्याच्या पायांवर थांबले होते.

"माका सांगूक काय झाला होता?" मी विचारलं. "धक्क्यार मी एवढी बोलले त्यांका. एक शब्द सांगूक काय झाला होता?"

"सांगला असता तर तुका म्हायत झाला असता. मगे जनूमामांनी विचारल्यार परत कान तांबडे." मिथुन रडत होता, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं, शरीरात पाणी उरलंच नव्हतं. "शिवी खाल्लेली बरी म्हणाले."

बाबा मिळाले नाहीत. संगणकाने पुढचे कितीतरी दिवस नवे पट्टे काढून दिले, अनघा मॅडम जायला तयार नव्हत्या. शेवटी मीच त्यांना म्हटलं, पुरे करा. निघताना त्या आईला भेटायला आल्या आणि कितीतरी वेळ तिच्याजवळ बसून राहिल्या. त्यांच्या यंत्राने आम्हाला एक दिवस आधी हाक मारली होती. बंदरातली बाकीची सगळी कुटुंबं त्या हाकेनेच वाचली. आमच्या घरात त्या हाकेला ऐकू जाऊ नये अशी सोय माझ्यावरच्या मायेने करून ठेवली होती. ह्यात कोणाला बोल लावू? मी पुष्कळ शोधलं, कोणी सापडत नाही.

आता त्याला बरीच वर्षं झाली. मिथुनने नवीन होडी घेतली. पहिल्याच दिवशी तो धक्क्यावरून निघाला आणि दक्षिणेला न जाता सरळ वायव्येला गेला, सगळ्या बंदरासमोर. पेटी उघडी होती. पडद्यावर त्याचा हिरवा ठिपका आजोबांच्या जागेवर जाऊन थांबला आणि मी पहिल्यांदा ती जागा डोळे भरून पाहिली. हळूहळू बाकीच्यांनीही खोट्या वाटा सोडल्या. कोणी ठरवलं नाही, सभा झाली नाही. टोप समुद्रात गेला. झाकण आईकडे आहे. त्याला बसेल असं भांडं तिने पुन्हा घेतलं नाही, आणि झाकण टाकूही देत नाही.

मामा आता थकलेत. माणसं ओळखतात, पण वर्षं त्यांच्या डोक्यात सरमिसळ झालीत. धाकू खवणेकर गेला हे त्यांना कधी आठवतं, कधी आठवत नाही. आठवलं त्या दिवशी जेवत नाहीत, म्हणून आम्ही आठवण करून देत नाही. संध्याकाळी मी ऑफिसातून येते, पायांवर पाणी घेते, त्यांच्या हातात चहाची बशी देते. आणि पडवीत बसून, समुद्राकडे बघत, ते मला विचारतात,

"काय गो दर्शना, आज तुझो बापूस खंय?"

मी त्यांच्या शेजारी बसते. माझे कान अगदी थंड असतात.

"दिसणा नाय, मामानू," मी म्हणते.